जमदग्नीची दोरी

आत्याला सगळी गल्ली 'एक्स्चेंज' म्हणायची. अर्थात पाठीमागे. टेलिफोन खात्यात जन्मभर इकडची वायर तिकडे खुपसण्याचं काम केलेलं, त्यामुळे गल्लीतल्या एकूणएक माणसाचा आवाज तिच्या घशात साठवलेला होता. समोरचा वकील दर वाक्याआधी खाकरायचा, तो खाकरणं विसरला तर आत्या त्याच्या वतीने खाकरून द्यायची. कोपऱ्यावरचा तोतरा शिंपी तर तिच्यामुळेच गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जाऊ लागला. नक्कल झाली की सगळे हसायचे, आत्या नाही. ती फक्त ज्याची नक्कल केली त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, कसं लागलं ते पाहायला.

राहायची मात्र भावाच्या घरात. भाऊ-वहिनी गेले, उरले भाचा आणि भाचेसून. घर तसं बेताचंच, पण पुढचं लॉन असं की जाणारा-येणारा थबकायचा. भाच्याचा जीव त्या लॉनवर. त्या लॉनकडे मोठी खिडकी असलेली खालची खोली आत्याची होती. भाचेसून घरीच शिवणकाम करायची आणि तिचं शिलाई मशीन होतं माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे दुपारी अशी भट्टी पेटायची की खडूसुद्धा घामाने चिकट व्हायचा. तिला खालची खोली हवी होती. हे तिने तोंडाने कधी म्हटलं नव्हतं आणि आत्याला कधी ऐकू येत नव्हतं असंही नव्हतं.

पण आत्याला हलवणार कोण? लॉन कापायचं मशीन होतं भावाच्या वेळचं, पेट्रोलचं, दोरी ओढून सुरू करायचं. भाऊ त्याला जमदग्नी म्हणायचा, कारण कधी भडकेल आणि कधी रुसेल याचा नेम नसे. भाच्याने ओढलं तर खोकायचं. एक माळी ठेवला होता, तो तासभर दोरी ओढून, मशीनच्या आईचा उद्धार करून, खुरपं तिथेच टाकून गेला. आत्या यायची, पदर खोचायची, एक हिसका द्यायची, की जमदग्नी घुमायला लागायचा. "हात लागतो त्याला हात," ती म्हणायची. त्यामुळे हिशेब सरळ होता. लॉन आहे तोवर आत्या, आणि आत्या आहे तोवर खोली.

हात वगैरे काही नव्हता. टाकीच्या बुडाशी पेट्रोलचा बारीक कॉक होता. काम संपलं की आत्या तो अंगठ्याने बंद करायची, सुरू करताना हळूच उघडायची. घरात कुणाला तो कॉक माहीतच नव्हता.

भाचेसून नवी होती तेव्हा एकदा पाहुण्यांसमोर आत्या म्हणाली, "सूनबाई, जरा सुरू कर ना. शिकून घे, माझं काय, आज आहे उद्या नाही." सूनबाईने दोरी धरली. ओढली. परत ओढली. पाहुणे आधी "शाब्बास" म्हणत होते, मग हसायला लागले. आत्या खुर्चीत बसून म्हणत होती, "अगं, ओढ की. हात आहेत की लोण्याचे गोळे?" तळहाताचं सालटं निघालं तरी मशीन ढिम्म. कॉक बंद होता ना. भाचाही हसला. सगळे हसून झाल्यावर, थोडी मागून, भाचेसूनही हसली. जगातले सगळे आवाज जपून ठेवणाऱ्या आत्याने ते हसू काही जपून ठेवलं नाही.

आणि मग एका सकाळी तिने नेहमीचा हिसका दिला आणि मशीनऐवजी उजव्या खांद्यात तटकन आवाज झाला. भाजीला जाते सांगून ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, "आजी, दोरी ओढायचं विसरा. भरली बादलीसुद्धा उचलायची नाही." घरी येऊन तिने भाजीवाल्याच्या नावावर त्याचं 'आजी' हुबेहूब करून दाखवलं, बाकीचं गिळून टाकलं.

जेवताना विषय तिनेच काढला. "काय रे, त्या पेट्रोलच्या धुराने घसा धरतो. आता बॅटरीवरची मशीनं निघालीत. तसलं घेऊ."

भाच्याचा घास हातातच राहिला. "आत्या, शेजाऱ्यांनी आणलं तेव्हा तू त्याला केस वाळवायचं यंत्र म्हणालीस."

"माणसाने शिकावं."

भाचेसून वाढत होती. तिने आत्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. आत्या डाव्या हाताने जेवत होती. "आत्यांचं म्हणणं बरोबर आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "घेऊच या."

दुकानातला माणूस 'ॲक्चुअली' म्हटल्याशिवाय श्वासही घेत नव्हता. "ॲक्चुअली मॅडम, लोक मशीन बघतात. बघायची बॅटरी. सगळं एका कंपनीचं घ्या, म्हणजे तीच बॅटरी लॉन कापायच्या मशीनला, तीच कडा कापायच्या ट्रिमरला, तीच पाला उडवायच्या ब्लोअरला. तीन कंपन्यांची तीन आणलीत तर ॲक्चुअली घरात चार्जरची जत्रा."

"दोरी?" आत्याने विचारलं.

"दोरी नाहीच. बटण दाबायचं, दांडा धरायचा. ॲक्चुअली कुणीही चालवेल."

आत्याने पहिलं वाक्य ऐकलं आणि ती सुटली. शेवटचं तिने ऐकलंच नाही. ते ऐकायला हवं होतं.

"हे हलकं मॉडेल बघा, सीनियर लोकांना ॲक्चुअली..."

"सीनियर कोण?" आत्या म्हणाली. "तुमच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस आहेत." आणि भाच्याकडे वळून तिने सुरुवात केली: "ॲक्चुअली मॅडम, ॲक्चुअली मी जेवतो, ॲक्चुअली मी झोपतो, बायको म्हणते, ॲक्चुअली कधी उठणार?" नाकातला सूर, मान वाकडी करणं, सगळं तंतोतंत. भाचा रॅकला धरून हसत होता. दुकानदाराचे कान लाल झाले. उरलेली माहिती तो खाली मान घालून एकट्या भाचेसुनेला सांगत राहिला, आणि ती मान हलवत ऐकत राहिली. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायचं नाही. ओलं गवत कापायचं नाही. बॅटरीला उकाडा सोसत नाही, पत्र्याखाली ठेवायची नाही, सावलीतल्या कोरड्या खोलीत ठेवायची. आणि अजून एक-दोन गोष्टी.

मशीन घरी आलं. जमदग्नी भंगारवाल्याच्या गाडीवर चढला तेव्हा भाच्याचे डोळे भरले. आत्याला मात्र दोनच दिवसांत नव्या मशीनचं मर्म सापडलं. दांड्याखाली एक बोटभर लाल किल्ली होती. ती खोचलेली असेल तरच बटण काम करतं, काढली की मशीन म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा डबा. पोरंबाळं चुकून सुरू करू नयेत म्हणून ती सोय होती. आत्याला वाटलं, ती सोय खास आपल्यासाठीच आहे. कॉक गेला तर किल्ली आली. काम झालं की ती किल्ली काढायची आणि कमरेच्या बटव्यात टाकायची. भाच्याने एकदा करून पाहिलं, चाललं नाही. "हात लागतो त्याला हात," आत्या म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले. तेच, मागच्या वेळचे. चहा झाला आणि भाचेसून म्हणाली, "मी बघू का आज चालवून?"

आत्याला तर पाटावर बसायच्या आधीच पंगत वाढल्यासारखं झालं. "बघ की, बाई. खुर्ची आणा रे माझी."

भाचेसुनेने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या पुढे सरकून बसली, घसा साफ केला. "अगं, दाब की. हात आहेत की..."

भाचेसुनेने ओढणीच्या गाठीतून एक लाल किल्ली काढली, दांड्याखाली खोचली आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं. घुमणं नाही, धूर नाही, जेमतेम ऐकू यावं इतकं गुणगुणणं.

"खोक्यात दोन असतात, आत्या," ती म्हणाली. "दुकानदार सांगत होता. तुम्ही तेव्हा त्याची नक्कल करत होतात. फार छान करत होतात."

तिने अख्खं लॉन कापलं. शिवणाऱ्या बाईचा हात, पट्टे शिलाईसारखे सरळ पडत गेले. पाहुणे म्हणाले, इतकं देखणं तर कधीच नव्हतं. भाचा लॉनच्या कडेला जाऊन उभा राहिला. तो त्या पट्ट्यांकडे बघत होता, आणि आत्याला कळलं की आपला भाव उतरला. मशीन बंद करून भाचेसून सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. "आत्या, तुमच्या बटव्यातली पण द्या ना. जोडीने राहू देत."

सगळे बटव्याकडे बघायला लागले. तो उजव्या बाजूला होता. उजवा हात तिथवर जाईना. आत्याने डावा हात पोटावरून आडवा घेतला, चाचपडली, आणि किल्ली गवतात पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही, म्हणून तिलाच वाकावं लागलं.

आठवड्याने भाचा नखं कुरतडत खोलीच्या दारात उभा राहिला. "आत्या, त्या बॅटऱ्यांना उकाडा सोसत नाही म्हणे. पत्र्याखाली फुगतात. सावलीतली कोरडी खोली लागते. आणि हिचं शिलाई मशीनपण इथेच..."

"आणि मी?" आत्या म्हणाली.

"वर वारा छान येतो, आत्या."

खिडकीखाली चार्जर लागला, त्याचा हिरवा दिवा. मशीन, ट्रिमर, ब्लोअर भिंतीला ओळीने टेकले. आत्या डाव्या हाताने ट्रंक ओढत माळ्याच्या जिन्याला लागली. चौथ्या पायरीवर ट्रंक निसटून खाली घसरली. जिन्याच्या पायथ्याशी भाचेसून टेप गळ्यात घालून उभी होती. तिने ट्रंकेला हात लावला नाही.

"अगं, ओढ की," ती म्हणाली. "हात आहेत की लोण्याचे गोळे?"

आवाज आत्याचाच होता. तोच खर्ज, तोच शेवटी दिलेला हेलकावा. भाचा आतल्या खोलीतून हसला, मग दचकून थांबला. भाचेसून मात्र हसली नाही. ती आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. नक्कल पहिल्या प्रतीची होती, जन्म गेला होता तिचा त्यात, तिला कळत होतं. फक्त 'लोण्याचे' जरा लांबलं होतं.

"'लोण्याचे' आखूड घे," ती म्हणाली, आणि ट्रंक उचलायला खाली उतरली.