तळाची शिवण

शाळेचे गणवेश शिवून शिवून पाठीला बाक आलेल्या त्या बाईने पन्नाशी ओलांडल्यावर एकच हट्ट धरला. सायकलवरून समुद्रापर्यंत जायचं, आणि एकटीनं. मागे कुणी येणार नाही, पुढे कुणाला सांगून ठेवणार नाही, असं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. संध्याकाळी ती आपण होऊन फोन करील, तेवढ्यावर त्याने भागवायचं. त्याने मान डोलावली. लग्न झाल्यापासून तो इतक्या पटकन कशालाच हो म्हणाला नव्हता. तेव्हाच तिने सावध व्हायला हवं होतं.

निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी ट्रकच्या धुराने डोकं उठलं, म्हणून तिने हमरस्ता सोडला आणि कालव्याच्या कडेची कच्ची वाट धरली. कुणाला विचारलं नाही, कळवलं नाही. वाटेत चेन पडली. ती आपल्या हाताने बसवली, काळी बोटं गवताला पुसली आणि ती एकटीच हसली. घरी बल्ब बदलायला स्टुलावर चढली, तरी तिला खाली उतरवत असत.

दुपार कलताना कालव्याकाठी एक लॉज दिसलं. त्या वाटेवर तेवढं एकच. ती दारात पोचते न पोचते तोच मालकाने किल्ली पुढे केली. तळमजल्याची खोली ठेवलीय म्हणाला, सायकल आत घेता येईल.

"तुमच्या मिस्टरांचा फोन येऊन गेला ना."

खोलीत तिने पिशव्या पलंगावर उपड्या केल्या. जाड कॅनव्हासच्या, तिनेच मशीनवर दुहेरी टीप मारून शिवलेल्या. एकीच्या तळाला मात्र वीतभर हातशिवण होती. शेवटी दोन गाठी, दोऱ्याचं टोक आत दडवलेलं. अशा गाठी मारणारी एकच, तिची नणंद. एकाच खोलीत, समोरासमोरच्या मशीनवर दोघींचं अर्धं आयुष्य गेलेलं. 'तू जा वहिनी, दादाकडे मी बघते,' असं म्हणणारीही तीच.

शिवण उसवली. आतून काड्यापेटीएवढी डबी निघाली, सायकल कुठे आहे ते घरच्या फोनवर दाखवणारी. बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिने फोन लावला. "वन्सं, पिशवी तुम्ही उसवलीत?"

पलीकडचं मशीन थांबलं. "दादाला झोप नव्हती गं. सारखा माझ्यामागे." मग हळूच, "टाका अगदी बारीक घातला होता मी."

"म्हणूनच ओळखला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवऱ्याचा तिला तेवढा राग आला नाही. त्याच्यावर तिने भरवसा टाकलाच कुठे होता? पण काल चढावर सायकलला हात लावणारे म्हातारबाबा, परवा ओसरीवर जागा देणारी परिचारिका, यांतलं कोण आपणहून मदतीला आलं होतं आणि कोण त्याच्या फोनवरून?

दार वाजलं. मालकाची आई चहाचा कप घेऊन उभी होती.

"हेही त्यांनीच सांगितलं का?" तिने विचारलं.

"कुणी?" म्हातारी गोंधळली. "दमलेल्या दिसलात, म्हणून आणला."

तिने कप घेतला. म्हातारी गेली, तरी चहा तसाच हातात निवत राहिला.