खांदा देण्याची हौस

हिंदी मुलखातल्या आमच्या ऑफिसात डबे उघडले की तोंडंही उघडतात. त्या दुपारी विषय निघाला शौकांचा. निवृत्तीला आलेल्या बड्या बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, कबूल केलं, की ते गच्चीवर कबुतरं पाळतात आणि बायकोपेक्षा कबुतरांशी जास्त बोलतात. जवळच्या चिरगावहून रोज बसने येणारी माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, तिला जुनी कुलपं किल्लीशिवाय उघडायचा नाद आहे. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पर्सकडे एकदा बघून घेतलं.

मग नुकत्याच बदली होऊन आलेल्या सहकाऱ्याची पाळी आली. चाळिशीतला, उंच, शर्टाला कडक इस्त्री. लोणच्याची फोड चाटत तो शांतपणे म्हणाला, "मैं अंतिम यात्राओं में जाता हूँ। जहाँ आदमी कम हों, वहाँ कंधा देने पहुँच जाता हूँ। शौक ही समझ लीजिए।"

बड्या बाबूंनी डबा बंद केला. याचं मात्र जेवण व्यवस्थित चाललं होतं. जेवता जेवता तो माझ्याकडे वळला. "मैडम, आपके पिताजी अस्पताल में थे न? अब कैसे हैं?"

"एकदम ठीक हैं," मी ठोकून दिलं. "भाई के पास पुणे गए हैं।"

बाबा कुठले पुण्याला जातात! ते इथेच, सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घरात खुर्चीत बसून होते. हृदयाचं दुखणं; डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केलेला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही आणि भाऊ नोकरीसाठी गेला तो पुण्याचाच होऊन बसला. मी शकुन-अपशकुन मानत नाही, आणि हे चारचौघांत ऐकवायलाही मला आवडतं. पण त्या दिवसापासून हा माणूस कॉरिडॉरमध्ये दिसला की मी हातात फाईल घेऊन उलट्या पावली फिरायचे. तरी तो गाठायचाच. "पिताजी का फोन आया?" तो आपुलकीने विचारायचा आणि मला ऐकू यायचं, वेळ झाली का? घरी पोचले की चपला काढायच्या आधी मी दारातूनच बाबांची छाती हलतेय का ते बघायचे. ती हलत असायची. मग मला स्वतःचाच राग यायचा.

एका संध्याकाळी माझा मोबाईल ऑफिसात टेबलावर राहिला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बेल वाजली आणि मी थांबा म्हणेपर्यंत बाबांनी काठी टेकत जाऊन दार उघडलं.

"मैडम का फोन रह गया था," ओळखीचा आवाज आला. "अरे बाबूजी, आप पुणे से कब लौटे?"

"पुणे? मैं तो महीने भर से फाटक के बाहर नहीं गया।"

झाली शोभा. मी आतच थांबले. पळायला जागा नव्हती, खिडकीला गज होते.

बाबांना बोलायला माणूस मिळाला की दुखणं आठवत नाही. त्यांनी पाहुण्याला बसवलं, गाव विचारलं, घरचं विचारलं आणि मग म्हणाले, "दफ़्तर के बाद क्या करते हैं?" मी सांडशी हातात धरून मनात म्हटलं, देवा, आता तरी याला खोटं बोलू दे.

तो खोटं बोलला नाही.

मी कप ट्रेमध्ये ठेवले आणि दाराशी आले. आता बाबांचा हात छातीकडे जाणार, याची मला खात्रीच होती. पण बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"जान-पहचान ज़रूरी है?" त्यांनी विचारलं.

"नहीं, बाबूजी।"

"देखिए, पहले लक्ष्मी गेट मोहल्ले में हमारे इतने मराठी घर थे कि एक आवाज़ पर सब आ जाते थे। अब ताले लगे हैं। बेटा पुणे से दूसरे दिन पहुँचेगा। मैं रोज़ सोचता हूँ, चार आदमी नहीं बनते।"

बाबा संध्याकाळ झाली की ओळखीच्या लोकांना फोन लावायचे. गावात आहात ना, इतक्यात कुठे जाणार नाही ना? मी चिडायचे, कशाला लोकांना त्रास देता म्हणून. मला वाटायचं, त्यांना करमत नाही. ते खांद्यासाठी माणसं जमवत होते. मला रडू आलं, आणि रागही आला. इतक्या दिवसांची धास्ती त्यांनी माझ्यापाशी नाही, या परक्यापाशी बोलून दाखवली, तीही हिंदीत.

"मैं आऊँगा," सहकारी म्हणाला. "मेरे दो साथी भी आते हैं।"

"तीन हुए।"

"और चौथा?"

बाबांनी काठी उचलून माझ्याकडे दाखवली. "ही."

"बाबा, काहीतरीच काय बोलताय!"

"अगं, मग कोण?"

सहकारी हसला नाही की दचकलाही नाही. तो उठून उभा राहिला. "मैडम, ज़रा इधर आइए। जोड़ी बराबर की होनी चाहिए, नहीं तो एक तरफ़ बोझ पड़ता है।"

मी ट्रे घेऊन तशीच त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागला.

"कद ठीक है," तो म्हणाला. "आप आगे रहिएगा, मेरे साथ।"

बाबांनी आम्हा दोघांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

"पोक काढू नकोस," ते मला म्हणाले. "ताठ उभी राहा."

मी राहिले.