अर्ध्या ‘र’चं भाषण

मला बोलायला कुणी बोलावलं नव्हतं. मीच हात वर केला होता, हे आधीच कबूल करते. त्यामुळं पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, आणि मला टोचतं ते तेच.

मी सोनपेठच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या पुस्तकांची सगळी यादी एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालते. म्हणजे त्याचा आतला कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही उघडून बघावा, बिघडलं असेल तर दुरुस्ती लिहून पाठवावी. ऐकायला लय गोड वाटतं. एक दिवस बी.ए.ची एक मुलगी काउंटरवर आली आणि म्हणाली, “मॅडम, मशीन न्हाई म्हणायलंय.” तिनं ‘शेतकऱ्यांसाठी’ असा शब्द टाकला होता आणि उत्तर आलं होतं, शून्य पुस्तकं. तिच्या पाठीमागच्या फळीवर शेतकऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं ओळीनं उभी होती. आमची कितीतरी पोरं सकाळी कापसात काम करून मग वर्गात येतात, आणि मशीन म्हणतं शेतकऱ्यांसाठी इथं काही नाही.

खोड निघाली त्या अर्ध्या ‘र’ची. ‘ऱ्या’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक कीबोर्ड ते साध्या ‘र’पासून बनवतो, दुसरा त्यासाठी वेगळाच ‘र’ घेतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी सगळी यादी एका तऱ्हेनं भरलेली, पोरांचे मोबाइल दुसऱ्या तऱ्हेनं लिहिणारे. कादंबऱ्या गायब, डायऱ्या गायब, दुसऱ्या महायुद्धाचा अख्खा इतिहास गायब. लायब्ररी सायन्ससोबत मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, तो कामाला आला. चार-सहा रविवार घालून पानभराची दुरुस्ती लिहिली, पाठवली आणि वाट बघत बसले.

दोन वर्षं बसले. ते सॉफ्टवेअर तिघं जण सांभाळतात, तेही आपापली नोकरी करून, हौसेनं. त्यामुळं त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. एकानं लिहिलं, छान आहे, बघतो. दुसऱ्यानं दुरुस्ती खरंच चालते का हे दाखवणाऱ्या तपासण्या जोडायला सांगितल्या, त्या जोडल्या. मग तिसऱ्यानं विचारलं की हे अक्षर खरंच इतकं वापरतात का. माझं डोकंच फिरलं. ‘वापरणाऱ्यांना’ हा शब्दसुद्धा त्याच्याशिवाय लिहिता येत नाही, असं उत्तर धाडलं. त्यावर त्याचा एक अंगठा आला आणि पुन्हा सगळं सामसूम.

अशात त्यांच्या परिषदेची जाहिरात दिसली. पुण्यात होती, ज्याला बोलायचं त्यानं विषय सुचवावा म्हणे. मनात म्हटलं, आता समोरच जाऊन उभी राहते, मग बघू कसे टाळतात. विषय लिहिला, मराठीतल्या अर्ध्या ‘र’चा शोध. स्वतःबद्दल तीन ओळी लिहिल्या. त्यातल्या एका ओळीत गावाचं नाव होतं, आणि तिथंच घोडं अडलं.

निवड समितीतल्या एका मुलीचा फोन आला. बोलायला इतकी गोड की रागवायलाही लाज वाटावी. म्हणाली, ताई, विषय छान आहे, पण थोडा कोरडा आहे, तुम्ही तुमच्या प्रवासावर बोलाल का? मी म्हटलं, प्रवासाचं काय बोलायचं, सोनपेठहून एसटीनं परभणी, तिथून रेल्वे. ती हसली नाही. तिला माझा संघर्ष पाहिजे होता. अगं बाई, माझा कसला आलाय संघर्ष? आई झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका, शाळा गल्लीच्या तोंडाला. आजोबांनी दीक्षा घेतली त्यानंतर घरात पहिलं मोठं सामान आलं ते पुस्तकांचं कपाट, पलंग त्याच्या मागून. आई निवृत्त झाली तोवर कपाटं तीन झाली होती आणि तिच्या शाळेतली पोरं दर रविवारी आमच्या ओट्यावर पुस्तकं बदलून न्यायची. लहानपणी मला एकच जाच होता, घरीसुद्धा मुख्याध्यापिका असायची.

हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, किती प्रेरणादायी. आठ दिवसांनी कार्यक्रमपत्रिका आली, त्यात माझ्या भाषणाचं नाव होतं ‘सोनपेठ ते सोर्स कोड’. मी मेल केला. त्यांनी माफी मागून खाली बारीक अक्षरात ‘आणि अर्ध्या र ची गोष्ट’ एवढं जोडलं. पुन्हा मेल केला, तर पत्रिका छापायला गेली होती. इतकी बेजार झाले की जाऊच नये असं वाटलं. पण आईनं तोवर तिच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर थेट प्रक्षेपणाची लिंक टाकून दिली होती, आणि मला बजावलंही होतं, तिथं ‘लय’ म्हणू नको.

पुण्यात गळ्यात बिल्ला अडकवला आणि जेवणानंतरची वेळ दिली. माझ्या आधीचा वक्ता संपता संपेना. वीस मिनिटांतली माझ्या वाट्याला बारा उरली. मी पडद्यावर दोन ‘शेतकऱ्यांसाठी’ शेजारीशेजारी दाखवले आणि सांगितलं की यातला एक मशीनला दिसत नाही. सभागृहात जितकी माणसं तितके लॅपटॉप उघडे. ते तिघं पहिल्याच रांगेत होते. एक मोबाइल बघत होता, दोघं एकमेकांच्या कानात बोलत होते. दोन वर्षं ज्यांच्यापुढं नाक घासलं ती माणसं समोर बसली होती आणि मान वर करायला तयार नव्हती. मी पुढचं बटण जरा जोरातच दाबलं. रागानंच, दुसरं काही नव्हतं.

भाषण संपलं. प्रश्न कुणाचाच नाही. सूत्रसंचालकानं माइक घेतला आणि विचारलं, “ताई, हे झालं तांत्रिक. पण एका खेड्यातून इथपर्यंत कशा पोचलात, ते ऐकायला आवडेल.”

सोनपेठ तालुक्याचं गाव आहे, खेडं नाही, हे तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि दुसरंच बोलून गेले. म्हणाले, “आमच्या घरात एकसुद्धा पुस्तक नव्हतं.”

खरं सांगते, टोमणा मारायचा होता. वाटलं, पुढच्याच वाक्यात सांगीन की हे खोटं आहे, तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना, घ्या. पण तेवढ्यात लॅपटॉपची झाकणं मिटायला लागली. पहिल्या रांगेतल्या तिघांनी माना वर केल्या. तिघांनी. मग मी थांबलेच नाही. शाळा पाच कोस लांब नेली. मला अनवाणी चालवलं. पहिलं पुस्तक कॉलेजात गेल्यावर हातात आलं म्हणाले, आणि म्हणून आज माझ्या पोरांना पुस्तक असून सापडत नाही तेव्हा जीव तुटतो, असा शेवट केला. हे शेवटचं तेवढं खरं होतं. टाळ्या थांबेनात. ती फोनवरची गोड मुलगी डोळे पुसत होती, आणि मला तिची कीवही आली नि स्वतःची किळसही.

चहाच्या वेळी तिघांपैकी एक, तो अंगठेवालाच, स्वतःहून जवळ आला. कुठली दुरुस्ती ती, म्हणाला. तिथंच उभ्या उभ्या उघडली, दोन प्रश्न विचारले, ते प्रश्नही चांगले होते. चहा संपायच्या आत त्यानं ती मंजूर केली. दोन वर्षं, आणि शेवटी एका कप चहाचं काम. मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. परतीच्या गाडीत मी तो मंजुरीचा निरोप किती वेळा उघडून बघितला असेल. महिन्याभरात आमच्या कॉलेजात नवी आवृत्ती बसली, ‘शेतकऱ्यांसाठी’ टाकलं की आता भली मोठी यादी येते. काउंटरवर आलेली ती बी.ए.ची मुलगी तोवर पास होऊन निघून गेली होती.

व्हिडिओ काढून टाका म्हणून मी लिहिलं होतं. उत्तर आलं की तो सगळ्यात जास्त बघितला गेलेला आहे, आणि पुढच्या वर्षी मी उद्घाटनालाच यावं.

पण घरची गोष्ट त्याआधीची. पुण्याहून मी सकाळी पोचले. आईनं गरम भाकरी केल्या होत्या. प्रवास कसा झाला, जागा मिळाली का, एवढंच विचारलं. भाषणाचं काहीच काढलं नाही, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं. तिचा मोबाइल शेजारी पालथा पडलेला होता. माझं जेवण होईस्तोवर ती थांबली.

“झाली का गं तुझी दुरुस्ती?”

झाली म्हटलं. चांगलं झालं, म्हणाली, लय दिवस अडकली होती. मग माझं ताट उचललं आणि उभी राहिली.

“माझ्या पोरांनी बघितलं सगळं. कुणी ग्रुपवर काही लिहिलं न्हाई. एकानं तेवढा फोन केला, बाई, मग आमी रविवारी पुस्तकं कुठून न्यायचो म्हणला.”

मी सांगायला लागले की त्याशिवाय ते मान वर करायला तयार नव्हते, माझाही इलाज नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं. शाळेतसुद्धा ती असंच पूर्ण ऐकून घ्यायची.

“शाळा लांब नेलीस, चालतंय,” ती म्हणाली. “चप्पल काढून घेतलीस, तेही चालतंय. पण घरात एखादं तरी पुस्तक ठेवायचं होतंस.”