आप्पांची वही

गेल्या वर्षी गाळप सुरू व्हायच्या चार दिवस आधी, सोमवारी सकाळी, ट्रेनर आप्पांनी कारखान्याच्या प्रशिक्षण वर्गाला आतून कडी लावून घेतली. आत ते एकटे होते. टेबलावर सहा पॅनमनचे परीक्षेचे कागद होते आणि त्यांवर आप्पांची सही व्हायची होती.

आप्पा कवठे येमाईचे. दौंड तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात नवे यंत्र आले की ते कामगारांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे असे. मी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. शिकवण्याआधी आप्पा स्वतः शिकायला बसत. फिटर असो, बॉयलरवाला असो, त्याच्यासमोर स्टूल ओढून म्हणत, "आधी तुम्ही मला शिकवा. मंग मी तुम्हाला."

पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायची बंद कढई. ती संगणकावर चालवायचे ठरले, तेव्हा आप्पा अख्खा हंगाम ती चालवणाऱ्या सहा पॅनमनशेजारी उभे राहिले. सोपानमामा त्यांतले सर्वांत जुने. आटलेला रस अंगठा आणि बोटात धरून ते तार ओढत आणि दाणा कधी धरायचा ते सांगत.

"आप्पा, हे कागदावर येत न्हाई. बोटाला कळतंय."

"बोटाला कळतंय ते तोंडानं सांगा, मामा. मी लिहितो."

मामांनी सांगितले. बाकी पाचांनीही सांगितले. कोणता ऊस, किती वाफ, किती वेळ, सगळे वहीत उतरले. "मशीन येणार, पण म्होरं तुम्हीच बसणार. माझा शब्द हाय," असे आप्पा सर्वांना सांगत. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना तसेच सांगितले होते. वहीतले आकडे संगणकात भरले गेले. मग ते साहेब बदलून गेले.

नव्या साहेबांनी परीक्षा लावली. स्क्रीनवर पॅन चालवून दाखवायचा. नापास होईल त्याला हंगामात ड्यूटी नाही. आप्पांनी पावसाळाभर रोज वर्ग घेतला. अडचण वेगळीच निघाली. तीस वर्षे गरम रसात बुडालेली मामांची बोटे इतकी राठ झाली होती, की स्क्रीन त्यांचा स्पर्श घेतच नव्हता. मामा दाबत राहिले, आकडा हलेना; आणखी चौघांचेही तेच.

"आप्पा, ह्याला माझं बोट वळखंना. ह्याला शिकवलं तरी कुणी?"

वर्ग हसला. आप्पा हसले नाहीत.

ते साहेबांकडे तीनदा गेले. स्क्रीनला पेन द्या, साधी बटणे बसवा, नाहीतर परीक्षा पॅनवरच घ्या, असे त्यांनी मागितले. तिसऱ्या वेळी मी नमुन्यांचा अहवाल घेऊन तिथे उभा होतो. साहेब म्हणाले, "आप्पा, तुमचं काम शिकवायचं आहे, वकिली करायची नाही." आप्पा म्हणाले, "साहेब, मी त्यांना शब्द दिलाय." साहेबांनी माझ्या हातातला अहवाल मागून घेतला.

परीक्षेत एक पास झाला, पाच नापास.

सोमवारी दाराबाहेर सोपानमामा आले. त्यांनी दार वाजवले नाही. "आप्पा, आमची वही कुठंय?"

आतून आप्पा म्हणाले, "सायबाकडं हाय, मामा."

"मंग कडी काढा. आत बसून काय करताय?"

दुपारी आप्पा बाहेर आले. पाच कागदांवर सहीच्या जागी त्यांनी लिहिले होते: 'यांनीच मला शिकवले.' ओळखपत्र त्यांनी गेटवर जमा केले. संध्याकाळी त्या कागदांवर दुसऱ्या अधिकाऱ्याने सही केली. शुक्रवारी गाळप सुरू झाले. ड्यूटीच्या यादीत पाच पॅनमन नव्हते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आप्पा पाटसला सोपानमामांच्या घरी गेले होते, असे मामींनी मला सांगितले. मामींनी पाणी दिले. मामा आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. आप्पा तासभर ओट्यावर बसले आणि दौंडच्या एसटीने गेले. तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे.