राजमातेच्या लुगड्याची चैन

अड्याळच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या महिला मंडळाने मला राजमाता केलं होतं. मी हौसेने नागपूरहून शिवलेली, चमचमती नऊवारी आणली होती. ट्रॅक्टरवर चढताना तिची मागची चैन टर्रकन तुटली आणि मी रडकुंडीला येऊन खालीच बसले.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. अंगावर विटकं हिरवं सुती लुगडं, कासोटा मात्र घट्ट. बोलण्याआधी ती हसायची आणि हसताना तोंडावर पदर धरायची.

"राजमातेच्या लुगड्याले चैन कायले लावली व माय?"

"मले नेसता येत नाही ना!"

"मंग घोड्यावर कशी बसशीन?"

माझा हात धरून तिने मला शेजारच्या घरात नेलं. स्वतःचं लुगडं सोडून मला नेसवलं. ती निऱ्या खोचू लागली की मला गुदगुल्या व्हायच्या आणि दोघी हसत सुटायचो. माझी नऊवारी तिने पिना लावून स्वतःच्या अंगात चढवली.

"चालून पाह्य."

मी लांब टांगा टाकल्या. एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

मिरवणुकीत ती ट्रॅक्टरपुढे, ओळखी-अनोळखी सगळ्यांना जरीचा पदर दाखवत चालली होती. शेवटी मी लुगडं परत करू लागले, तर ती मागे सरली.

"राहू दे तुले. मी जलमभर राजमातेवानीच नेसली. आता थोडी तुह्यावानी राहून पाहतो."

आणि चमचमत बाजारात निघून गेली.