झोपलेल्या कुत्र्याचं माप

आर्व्होंनी कार्हूचं माप तो झोपलेला असताना घेतलं.

ऑगस्टातली दुपार होती. त्यांच्या गॅरेजच्या दारात, गार सिमेंटवर कार्हू पाय पसरून पडला होता. न्यूफाउंडलंड जातीचा, काळाभोर, त्रेसष्ट किलोचा कुत्रा. कार्हू म्हणजे आर्व्होंच्या आजोबांच्या फिनिश भाषेत अस्वल. मी शेजारून टोमॅटो द्यायला गेले होते, तर त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"नाकापाशी धर. हळू. उठला की माप गेलं."

"मग उठवूनच घ्या की."

"उभा राहिला की टेप खातो हा. मागची टेप याच्याच पोटात आहे."

पन्नास इंच लांबी, बावीस इंच रुंदी. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ते प्लायवूडच्या तुकड्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. विषय संपला असं त्या रेघेवरून वाटत होतं.

आर्व्हो कांगस चाळीस वर्षं इथल्या कॉलेजच्या दुरुस्ती खात्यात सुतार होते. मिशिगनच्या या वरच्या टोकाला हिवाळा सहा महिन्यांचा, त्यामुळे बरीचशी सुतारकी दारं-खिडक्या घट्ट बसवण्याची. वाऱ्याला फट सापडू द्यायची नाही, हा त्यांच्या धंद्याचा अर्धा धर्म. उरलेला अर्धा म्हणजे कुणाला हाक मारायची नाही. छपरावर एकटे चढायचे, होडी एकटे उलटी करायचे. त्यांची बायको एल्वी म्हणायची, "हा मेला तर पेटीचं झाकणही आतून स्वतःच लावेल."

पेटीत आधी एल्वीच गेली, तीन वर्षांपूर्वी. कार्हू तिने आणलेला. आजारपण कळल्यावर आणलेला, म्हणजे कुणासाठी आणला ते उघड होतं. आर्व्हो मात्र कायम म्हणायचे, "हिचा कुत्रा आहे. मी फक्त खायला घालतो."

गेल्या फेब्रुवारीत कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेताना ते बर्फावरून घसरले आणि खुबा मोडला. दीड तास तसेच पडून होते. मी कामावरून परतले तेव्हा आधी मला त्यांच्या अंगणात एक काळा ढीग दिसला. कार्हू त्यांच्या अंगावर आडवा पडला होता, त्याच्या पाठीवर बर्फाचा थर जमला होता आणि खाली आर्व्हो ऊबदार होते. डॉक्टर म्हणाले, पायाची बोटं गेली असती, कदाचित माणूसही.

त्यानंतर त्यांच्या मुलीने, डीनाने, पुढचा हिवाळा तिथे एकट्याने काढायचा नाही असं ठरवूनच टाकलं. ती ग्रँड रॅपिड्सला राहते, नऊ तासांचा रस्ता. बाबांना उंच पिकअपमध्ये चढता येत नाही म्हणून तिने ती विकायला लावली आणि एक लहान एसयूव्ही घेऊन दिली. "तुम्हाला पुरे," ती म्हणाली. त्यांना पुरेशी होतीच. कार्हूबद्दल तिचं म्हणणं सरळ होतं: मागे अंगण आहे, आणा त्याला. पण तुमच्याच गाडीतून आणा बाबा, माझ्या गाडीत दोन मुलांच्या खुर्च्या आहेत.

म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत तो कुत्रा त्या गाडीत नऊ तास नीट राहिला पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

मागच्या सीटा पाडल्या की जागा साठ इंच लांब होत होती. पण पाडलेल्या सीटा सपाट बसत नाहीत, पुढच्या बाजूला चढ राहतो. आठ वर्षांच्या कार्हूचे मागचे पाय अधू झालेले. उतारावर नऊ तास तोल सांभाळला असता तर ग्रँड रॅपिड्सला तो उठलाच नसता. म्हणून आर्व्होंनी खालून सहा इंचाचे तुकडे देऊन प्लायवूडचा सपाट मंच केला. तो चाकांच्या उंचवट्याभोवती कोरून घेतला, फटीत कागद सरकणार नाही असा. वर जाड गालिचा, चढायला फळीची उतरण, पाय सरकू नयेत म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या. तीन आठवडे लागले. एकदा मी हात फिरवून पाहिला, कुठे कुसळ लागलं नाही.

"माणसांच्या गाडीत असं काम नसतं," मी म्हटलं.

"माणसं तक्रार करू शकतात."

मला मात्र तो मंच बघताना काळजीच वाटली. ब्रेक लागला तर? वाटेत सरोवरांवरचा तो लांबलचक पूल, त्यावर वारा. खुबा बदललेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, वर हा अजस्र जीव. माझी व्हॅन सात माणसांची. सीटा काढल्या की आत कार्हू फेऱ्या मारू शकला असता.

"आर्व्हो, माझी व्हॅन घेऊन जा. नाहीतर मीच चालवते."

"नको, नको. जमतंय की."

हे पहिलं.

इथल्या 'नको'चं मला एल्वीने शिकवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी आम्ही नवे राहायला आलो, तेव्हा आर्व्हो आमची खिडकी बसवून द्यायला आले होते. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. पुन्हा विचारला, पुन्हा नको. मी पातेलं उतरवलं. दुसऱ्या दिवशी एल्वी कुंपणाशी येऊन हसत म्हणाली, "अगं, तो घरी येऊन दोन कप कॉफी प्यायला! तीनदा विचारायचं असतं, पोरी. पहिलं नको हे वळण, दुसरं नको ही सवय. तिसऱ्या वेळी माणूस खरं काय ते सांगतो." ताटावर आडवा हात धरला तरी पोळी वाढणाऱ्या मुलखातून आलेली मी; मला हे शिकायला अवघड नव्हतं. तेव्हापासून त्या घरी मी तीनदा विचारल्याशिवाय कधी राहिले नाही.

सप्टेंबरअखेर त्यांनी कार्हूला तासाभरावरच्या गावी नेऊन आणलं. परत आले तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मागे काचेला लाळेचे पट्टे. कार्हू मान वाकवून, डोकं छताला टेकवून उभा होता, आणि त्याचे पाय थरथरत होते. दार उघडलं तर उतरणीवर पाऊलही ठेवेना. मी आणि आर्व्होंनी मिळून त्याला खाली घेतलं.

"झोपला का नाही?" मी विचारलं.

"कुत्रा गाडीत झोपायच्या आधी बसतो. इकडे बघतो, तिकडे बघतो, मग झोपतो." ते गालिच्यावरच्या नखांच्या ओरखड्यांकडे बघत होते. "सहा इंच मीच खाल्ले. वरची उंची धरलीच नाही. चाळीस वर्षं मापं घेतली आणि कुत्र्याचं माप झोपवून घेतलं."

"मंच काढून टाकला तर?"

"मग बसेल कसाबसा, पण उतारावर. त्याचे पाय मोडायचे की मान, तेवढंच ठरवायचं."

"व्हॅन आहे, आर्व्हो."

"छे, तुला कशाला त्रास. ते चाकांवरचं कपाट मला चालवताही यायचं नाही. बघू."

हे दुसरं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि क्षणभर थांबले. मी टॉवेलने काच पुसत राहिले.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा, ऋताचा, कॉलेजमधून फोन आला होता. पहिलंच वर्ष. जेवण जात नाही, झोप येत नाही, म्हणाली, आणि मग म्हणाली, काही नाही गं, तू लगेच काळजी करतेस. त्या दिवसापासून मी व्हॅनची टाकी भरून ठेवली होती. मागे पांघरूण, थर्मास, तिचे जाड मोजे. फोन आला की निघायचं. व्हॅन तीन दिवस आर्व्होंकडे आणि नेमका तेव्हाच फोन आला तर? दुसरं 'नको' ऐकलं तेव्हा, खरं सांगायचं तर, मला हायसं वाटलं.

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. ऋताने नंतर फोन केला तो परीक्षेत बरे गुण मिळाल्याचा. व्हॅन पूर्ण ऑक्टोबर अंगणात उभी होती, आर्व्होंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

विसाव्या तारखेला त्यांच्या दारात एक पिकअप आली. पेल्टोला नावाचं जोडपं, पलीकडच्या तालुक्यात बटाट्याची शेती करणारं. मी बाहेर आले तोवर उतरण त्या गाडीला लावून झाली होती. कार्हू एक एक पाऊल टाकत चढला, मागच्या आसनावर ताठ बसला आणि इकडे तिकडे पाहू लागला. डोक्यावर वीतभर जागा होती.

"बघा, कसा राजासारखा बसलाय!" पेल्टोलाबाई म्हणाल्या.

"रात्री दाराशी झोपतो," आर्व्हो म्हणाले. "बर्फ पडला की बाहेरच झोपेल. आत ओढू नका, त्याला आवडतं." मग उतरणही त्यांनी पेल्टोलांच्याच गाडीत टाकली. "ठेवा. मला काय करायची आहे?"

निघायच्या दिवशी सकाळी आर्व्हो घराची किल्ली द्यायला आले. एल्वीच्या पद्धतीची वेलदोड्याची पावाची वेणी आणली होती, एका बाजूने करपलेली. मी कॉफी ठेवली, तीनदा विचारून.

"कार्हूसाठी माझी व्हॅन..." मी सुरुवात केली.

"तू विचारलंस की. दोनदा विचारलंस." आवाजात राग नव्हता. त्यांनी करपलेला तुकडा स्वतःकडे ओढून घेतला. "त्या दिवशी एल्वीची आठवण झाली. ती असती तर कुंपणावरून ओरडली असती, अगं, अजून एकदा विचार त्या म्हाताऱ्याला!"

"आता विचारते."

"आता तिच्यात काय घालणार?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्यांची गाडी उभी होती. मागे तीन खोकी, आणि त्या खोक्यांखाली तो मंच तसाच.

"हा काढला नाहीत?"

"एकट्याने बसवला. काढताना दोघं लागतात, एकाने वर उचलून धरावं लागतं. राहू दे."

"मी धरते."

"नको, नको. तुझे कपडे खराब होतील."

"मी धरते, आर्व्हो."

"डीनाचा नवरा काढेल कधीतरी. तू कशाला."

"मी उचलून धरते. तुम्ही स्क्रू काढा."

त्यांनी कप रिकामा केला.

"बरं," ते म्हणाले.

खोकी उतरवली. मी गुडघ्यांवर बसून प्लायवूड खांद्याने वर रेटून धरलं, त्यांनी एक एक स्क्रू काढून खिशात टाकला. अर्धा तास लागला. गालिच्यात काळे केस इतके रुतले होते की खालचा रंग ओळखू येत नव्हता. त्यांनी त्यावर एकदाच तळहात फिरवला. सीटा उभ्या केल्या, खोकी परत ठेवली. गाडी पुन्हा चारचौघांच्या गाडीसारखी झाली, आणि ते गेले.

मंच माझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्यामुळे व्हॅन जरा तिरकी लावावी लागते.