दवनीवाड्याची लाल गाडी

माझी पांढरी गाडी आणि सासऱ्यांची लाल गाडी एकाच वर्षी आल्या. माझी उन्हाळ्यात आली, त्यांची दिवाळीच्या थोडी आधी, लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता तेव्हा. मी गोंदियात एका राईस मिलमध्ये नोकरीला होतो. लग्न होऊन काही वर्षं झाली होती आणि घरी पहिल्यांदाच चारचाकी येणार होती, म्हणून चार लोकांना विचारून, दहा ठिकाणी चौकशी करून मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात बिनधोक गाडी घेतली. तिचे पार्ट कुठल्याही गावात मिळत, पेट्रोल कमी पीत असे आणि पुढेमागे विकायची म्हटली तर गिऱ्हाईक घरी चालत येई. माझ्या दृष्टीने गाडी म्हणजे एवढंच.

सासुरवाडी दवनीवाड्याची. सासरे धानाचे शेतकरी, साठी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. धोतर नेसत आणि खांद्यावर दुपट्टा टाकत. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. उधळ्या स्वभावाचा माणूस म्हणून त्यांना कोणी कधी ओळखलं नव्हतं.

नवी गाडी घेऊन मी आणि बायको दवनीवाड्याला गेलो, तेव्हा सासूबाईंनी गाडीची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मी आग्रह केला म्हणून मागच्या सीटवर बसल्या. गोंदियात नात्यातलं लग्न होतं, तिथे सगळ्यांनी मिळून जायचं होतं. गाव संपायच्या आतच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मुलीच्या हाताला धरून गाडी थांबवायला सांगितलं. उतरल्या, रस्त्याच्या कडेला ओकल्या आणि तिथूनच लंगडत घरी परत निघाल्या. मी खिडक्या उघडतो म्हणालो, पुढे बसवतो म्हणालो. त्या जावयाशी थेट बोलत नसत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून मुलीला म्हणाल्या, तुम्ही जा, माझं सोडा.

बायकोने मग वाटेत मला सगळं सांगितलं. तिच्या आईला जन्मापासून गाडी लागत होती. एस.टी., जीप, काळीपिवळी, कशातही बसल्या की पाच मिनिटांत पोटात ढवळायचं. ऑटोच्या धुराने तर आणखी वाईट. रेल्वेचं तेवढं त्यांना काही होत नसे. माहेर अर्जुनी मोरगावकडे, आत एका तलावाच्या गावी. त्यांच्या लहानपणी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं गोंदियाहून रेल्वेने अर्जुनीला जायचं आणि स्टेशनावर भावाची बैलगाडी यायची. पुढे भावाने बैल विकले. मग सासरे त्यांना मोटरसायकलवर नेत. एकदा खड्ड्यात गाडी आदळून त्या मागून पडल्या, खुबा दुखावला, आणि मोटरसायकलही बंद झाली. त्यानंतर त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. भाऊ वर्षातून एकदा येऊन भेटून जात.

 त्या दिवशी लग्नात सासरे जेवले आणि मांडवाच्या बाहेर खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होते, असं मला नंतर आठवलं.

आणि दिवाळीच्या आधी ते नागपूरहून कोणाची तरी जुनी, दोन दारांची, दोनच माणसांची, वरचा कापडी टप मागे पाडता येणारी गाडी घेऊन आले. रंग लालभडक. जमिनीला टेकलेली. बॉडी लोखंडाची नाही, फायबरची. अशा थोड्याच गाड्या निघाल्या होत्या, हौशी तरुणांना परवडावी म्हणून, आणि मग कंपनीने त्या काढणं बंदही केलं होतं. गावातल्या पोरांनी गाडीला गराडा घातला. म्हातारे लोक पारावरून बघत राहिले. सासरे धोतर सावरत त्यातून उतरले तेव्हा कोणीतरी हसलं, आणि ते हसणं माझ्या बायकोच्या फार मनाला लागलं.

तिने मला बाबांशी बोलायला सांगितलं. मी गेलो. गाडी जमिनीलगत आहे, आपले रस्ते असे, इंजिनाखालचा चेंबर फुटेल, म्हटलं. पार्ट मिळणार नाहीत, इथे मिस्त्रीने असं इंजिन पाहिलेलं नाही, वर्षभरात गाडी कोपऱ्यात उभी राहील, म्हटलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जवाईबापू, तुमची गाडी चांगली आहे. मी कायले नाव ठेवू?" ते म्हणाले. "पन तिच्यात ही बसून नाई शकत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हिले कधी काही झालं नाई. खुली हवा पायजे हिले. खुली जीप घेतो म्हटलं तं तिचा पाय वर चढत नाई. मंग कोनती गाडी घेऊ, तुमीच सांगा."

 मला तोवर गाडी निवडताना हा विचार करायची वेळच आली नव्हती.

त्यांनी तो विचार पुरता केला होता. ओट्याची खालची पायरी आणि गाडीची सीट जवळजवळ एकाच उंचीला येत. ते गाडी पायरीला अगदी लागून उभी करत. सासूबाई पायरीवर बसत, पाय आत घेत आणि सरकत सीटवर जात. खुब्याला त्रास नाही. पहिल्यांदा त्या बसल्या तेव्हा दोघं नुसते तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत, जाऊन आले. सासूबाई परत आल्या त्या डोक्यावरचा पदर मानेवर घसरलेल्या, केस विस्कटलेल्या. मुलीने विचारलं, माय, कसं वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, काही नाई झालं.

कापणी आटोपल्यावर ते माहेरी निघाले. मी आणि बायको मागे माझ्या गाडीत, कारण माझा त्या लाल गाडीवर भरवसा नव्हता. माझी शंका खरी ठरली. नवेगावबांधच्या अलीकडे लाल गाडीच्या बोनेटमधून वाफ निघाली. पंखा बंद पडला होता. सासऱ्यांनी झाडाखाली गाडी घेतली, बोनेट उघडलं आणि थंड होण्याची वाट पाहत उभे राहिले. मी धावत गेलो. सासूबाई आपल्या जागेवर, उकडलेले शिंगाडे सोलून खात बसल्या होत्या. माझ्या गाडीत या, आपण तरी पुढे जाऊ, असं मी बायकोमार्फत सांगितलं.

"मी बरी आहो इथं," त्या तिलाच म्हणाल्या. "काऊन घाबरून राहिले तुमी?"

शेवटी दोर बांधला. पुढे माझी पांढरी गाडी, मागे लाल गाडी, स्टेअरिंगवर सासरे आणि शेजारी सासूबाई. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओढत होतो आणि आरशात त्या दिसत होत्या. दोन्हीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मधे मधे पेंढ्या रचून उभे केलेले पुंजणे. त्या हात लांब करून नवऱ्याला काहीतरी दाखवत होत्या, आणि ते मान हलवत होते. गाडी बंद पडली आहे असं त्यांच्याकडे बघून कोणाला वाटलं नसतं.

अर्जुनीच्या मिस्त्रीकडे पंख्याची वायर जोडून आम्ही गावात शिरलो. सासूबाईंच्या भावाची नजर अधू झालेली. ते गाडीभोवती हात फिरवत चालले. ही बैलगाडीपेक्षाही खाली आहे, म्हणाले. सासूबाई उतरल्या आणि घरात न जाता आधी तलावावर गेल्या. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला तो तलाव. त्या काठीचा आधार घेत पायऱ्या उतरल्या, पाण्यात पाय टाकून बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. सासरे पाळीवर उभे राहिले. जेवायला बोलावणं आलं तरी त्यांनी सासूबाईंना हाक मारली नाही, बोलवायला आलेल्यालाच थांबवलं.

पुढची वर्षं मी दोन्ही गाड्या जवळून पाहिल्या. माझी गाडी सकाळी चावी फिरवली की सुरू होई, थंडीत, पावसात, महिनाभर उभी राहिली तरी. क्लच प्लेट बदलली, सायलेन्सर बदलला, बाकी काही नाही. लाल गाडीचं काही ना काही चालूच असे. कधी स्टार्टर, कधी पाण्याचा पंप, कधी ब्रेक. एक पार्ट नागपुरात मिळाला नाही, रायपुरातही नाही, तर ती अख्खा पावसाळा धानाच्या कोठ्यात उभी राहिली. कापडी टप फाटला तो मंडपवाल्याने ताडपत्रीचा शिवून दिला. गतिरोधकावर पोट घासायचं म्हणून खाली लोखंडी पत्रा लावून घेतला. दर दिवाळीत सासरे मला विचारत, तुमची कुठं बंद पडली का या वर्षी. मी नाही म्हणायचो. ते मान डोलावून म्हणत, चांगली आहे. मग स्वतःच्या गाडीच्या तक्रारी एकेक करून सांगत, घरातल्या खोडकर पोराच्या सांगाव्यात तशा.

एकदा दोघं माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला गेले. आम्ही बरोबर नव्हतो. गर्दीच्या रस्त्यात गाडीचं पोट एका दगडावर बसलं आणि चाकं अधांतरी फिरू लागली. सासूबाई उतरायला लागल्या तर यात्रेकरूंनी त्यांना बसा म्हटलं, चारी बाजूंनी हात लावले आणि गाडी त्यांच्यासकट उचलून पुढे ठेवली. फायबरची, हलकी. ही गोष्ट सासूबाईंनी किती जणांना सांगितली असेल याची गणती नाही. सांगताना त्या डोक्यावरचा पदर सावरायलाही विसरत.

मला वाटत होतं, माझी गाडी सासऱ्यांच्या गाडीपेक्षा दुपटीने टिकेल. तसं झालं नाही. माझी गाडी इंजिनाने खणखणीत राहिली आणि खालून सडली. अंगणात उघड्यावर उभी असायची, चिखलातून जायची, आणि पायाखालच्या पत्र्याकडे मी कधी पाहिलं नाही. एके दिवशी रबरी मॅट उचलली तर रस्ता दिसला. पत्रा ठोकून घेतला, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने गेला. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला तिला नेणं शक्यच नव्हतं. भंगारवाल्याच्या अंगणात तिला सोडून आलो, तेव्हाही ती पहिल्या चावीला सुरू झाली होती. बायको त्या दिवशी जेवली नाही. आमची दोन्ही मुलं त्या गाडीत लहानाची मोठी झाली होती.

लाल गाडीला गंज लागायला लोखंड नव्हतंच फारसं. रंग विटला, बोनेटला तडे गेले, पण ती राहिली. सासरे मात्र गेले. फार आजारी नव्हते, थंडीत छातीचं दुखणं झालं आणि त्यातच गेले.

त्यानंतर गाडीवर चादर पडली.  मी दुसरी लहान गाडी घेतली होती, आधीपेक्षा मोठ्या खिडक्यांची, थंड हवेची. सासूबाईंनी एकदा तिच्यात डोकं घातलं आणि वास घेऊन मागे झाल्या.

गेल्या वर्षी आम्ही दवनीवाड्याला असताना त्यांचा भाऊ आजारी असल्याचा फोन आला. सासूबाई दारात आल्या आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून बोलल्या.

"जवाई, ती गाडी सुरू होते का?"

मी होईल म्हटलं. मग मी, गोंदियाचा एक मिस्त्री आणि रायपूरहून मागवलेला दुसऱ्याच गाडीचा पंप, असे आम्ही तिघं तिच्यामागे लागलो. बॅटरी नवी, टायर नवे, ताडपत्रीचा टप काढूनच टाकला. निघायच्या सकाळी मी गाडी पायरीला लावायला गेलो, तर ती हातभर लांब राहिली. पुन्हा मागेपुढे केली. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. सासरे हे एका दमात करत.

बायको मुलांबरोबर आमच्या दुसऱ्या गाडीतून पुढे गेली होती. आम्ही दोघंच. मी जपून चालवत होतो, प्रत्येक गतिरोधकावर जवळजवळ थांबून, इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून. कोहमारा मागे पडला, जंगल लागलं. सासूबाईंनी चष्मा काढून कनवटीला खोचला.

"तुमी लय हळू चालवून राहिले," त्या म्हणाल्या. "ते तं जोरानं नेत."

मला हे माहीत नव्हतं. आम्ही मागे असलो की सासरे नेहमी सावकाश जात. सरळ रस्ता मोकळा होता. मी गाडी वेगात घेतली, नंतर आणखी थोडी. वारा कानात भरला. त्यांनी दोन्ही हातांनी पदर धरून ठेवला होता, आणि मग एका हाताने सोडून दिला. तलावाचं पाणी दिसू लागेपर्यंत तो वाऱ्यावर फडफडत राहिला.

भाऊ अंथरुणावर होते, पण बोलत होते. सासूबाई आठवडाभर त्यांच्याजवळ राहिल्या. मी लाल गाडी घेऊन त्यांना पुन्हा घ्यायला गेलो, तेव्हा भावाने त्यांच्या मांडीवर शिंगाड्यांची पिशवी ठेवली.

परतीच्या वाटेवर कोहमाऱ्याजवळ क्लचची वायर तुटली. गाडी पेट्रोल पंपावर सोडली. सौंदडचं स्टेशन जवळ होतं, तिथपर्यंत सासूबाई नाकाला पदर लावून ऑटोत बसल्या, आणि मग आम्हाला गोंदियाची पॅसेंजर मिळाली. त्यांना खिडकी मिळाली. समोरच्या बाईने कुठून आलात म्हणून विचारलं.

"मायेराहून," त्या म्हणाल्या. "आमची सोताची गाडी आहे. आज बंद पडली म्हनून रेलमधी बसलो." मग पिशवीतले शिंगाडे काढून त्यांनी त्या बाईपुढे धरले, आणि ती गाडी कशी आहे ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.